तार उतरवताना: गिटार वेगळ्या सुरांत लावण्याची क्रमवार रीत

डॅडगॅड किंवा ओपन जी, म्हणजे गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावायची ट्यूनिंग, वाजवून बघायचं ठरलं की बहुतेक जण ट्यूनर लावतात, सहाव्या तारेपासून पहिल्यापर्यंत एकेक तार ठरलेल्या अक्षरावर आणतात आणि लगेच वाजवायला घेतात. पाच मिनिटांत गिटार बेसूर होते. मग ट्यूनर खराब, तारा खराब, नाहीतर हे ट्यूनिंगच विचित्र, असे निष्कर्ष निघतात. अक्षरं बरोबर लावलेली असतात, चूक क्रमात असते. सहाही तारा एकाच मानेला आणि एकाच पातळ फळीला ओढत असतात. एक सैल केली की उरलेल्या पाचांचा सूर थोडा सरकतो. म्हणून कुठली तार हलवायची याआधी कुठली तार हलवायची नाही ते ठरवावं लागतं. पुढची सगळी रीत याच एका गोष्टीभोवती आहे.

इथले आकडे स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारचे आहेत. संच नेहमीचा १२-५३, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३ इंच. नायलॉन आणि इलेक्ट्रिकचं वेगळं काय ते शेवटी आहे.

## टप्पा १: खुंटीला हात लावण्याआधी

ट्यूनर क्रोमॅटिक मोडवर, म्हणजे बाराही सूर ओळखणाऱ्या मोडवर ठेवा. क्लिपच्या ट्यूनरमध्ये आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये बहुधा 'गिटार' मोड आधीच निवडलेला असतो. त्याला नेहमीचे सहाच सूर (ई ए डी जी बी ई) माहीत असतात. सहावी तार डीवर आणली तरी तो 'ई फार उतरलाय' एवढंच सांगत राहतो आणि लोक तार पुन्हा चढवतात. ट्यूनर ४४० हर्ट्झवर आहे ना, तेही बघा. एखादं बटण चुकून दाबलं जातं, आकडा ४३८ किंवा ४४२ होतो आणि नंतर दुसऱ्या वाद्यासोबत बसेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

तारांचं वय बघा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. गंजलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी उरत नाही. अशी तार मोकळी सुरात लागली तरी सातव्या-बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) बेसूर निघते. उलट, आजच चढवलेल्या तारांवरही प्रयोग नको. नव्या तारा आधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये लावा, प्रत्येक तार मधोमध धरून फ्रेटबोर्डपासून हलकेच वर ओढा, पुन्हा लावा. तीन-चार वेळा असं करून एक दिवस जाऊ द्या.

खुंटीवरचे वेढे मोजा. जाड तारांना दोन-तीन, बारीक तारांना चार-पाच. जेमतेम एकच वेढा असलेली तार सैल केली की खुंटीवर घसरते आणि कितीही वेळा लावली तरी टिकत नाही.

नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचांना पेन्सिल. खुंटी फिरवताना 'टक्' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. तार सैल करा, खाचेतून बाजूला घ्या, २बी पेन्सिलचं शिसं खाचेत घासा, तार परत बसवा. एका वेळी एकच तार. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा अर्धा वैताग इथेच संपतो.

पहिली आणि तिसरी तार जादा जवळ ठेवा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लागेलच.

> तपासणी: गिटार अजून नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये असताना प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग तीच तार तिथे दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्हींत किती फरक आहे ते कागदावर लिहून ठेवा. इथेच फरक मोठा असेल तर नव्या ट्यूनिंगमध्ये तो वाढणार आहे.

## टप्पा २: ताणाचा हिशोब

तारेवरचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सूर एक फ्रेट, म्हणजे अर्धा सूर, खाली आणलात की ताण सुमारे ११ टक्के घटतो, दोन फ्रेट खाली २१ टक्के, चार फ्रेट खाली ३७ टक्के. आणि दोन फ्रेट वर गेलात तर ताण २६ टक्क्यांनी वाढतो. चढण महाग पडते ती अशी.

१२-५३ चा संच नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये एकूण ७४ किलोच्या आसपास ओढतो. डॅडगॅडमध्ये हा आकडा ६७ च्या आसपास येतो, ओपन जीमध्येही साधारण तेवढाच. ओपन ईसाठी मात्र तीन तारा वर चढवाव्या लागतात आणि भार ८३ किलोजवळ जातो. त्यानं गिटार लगेच फुटत नाही, पण ब्रिज (फळीवरचा, तारा अडकवलेला तुकडा) उचलला जाणं, ब्रिजमागची फळी फुगणं हे प्रकार अशाच सवयीतून होतात.

म्हणून साधा नियम: उतरवा, चढवू नका. ओपन ई हवं असेल तर ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. ओपन ए हवं असेल तर ओपन जी आणि पुन्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. सूर तेच, भार कमी.

उतरवण्यालाही मर्यादा आहे. ओपन सीमध्ये सहावी तार चार फ्रेट खाली जाते, म्हणजे पावणेबारा किलोवरून जेमतेम साडेसातवर. ती नुसती लोळते. सहावीची जाडी ०.०५३ वरून ०.०५६ केली की ताण साधारण ११ टक्के वाढतो, म्हणजे एका फ्रेटची भरपाई. मात्र जाड तार जुन्या नटच्या खाचेत नीट बसत नाही, खाच रुंद करून घ्यावी लागते. पहिल्या महिन्यात ओपन सीच्या वाटेला न गेलेलं बरं.

## टप्पा ३: एकेक तारेची शिडी

नेहमीच्या ट्यूनिंगमधून थेट ओपन डीवर उडी मारली तर एकदम चार तारा हलतात. त्याऐवजी खालच्या क्रमानं गेलात तर प्रत्येक पायरीवर एकच तार बदलते. घसरलंच तर कुठे घसरलं ते लगेच कळतं.

सूर सहाव्या तारेपासून पहिल्या तारेकडे लिहिले आहेत. डीला सा मानलं की यातलं बरंचसं आपोआप उलगडतं, म्हणून सरगमही दिली आहे. तपासणीचा आकडा कसा वाचायचा ते यादीनंतर आहे.

1. ड्रॉप डी: डी ए डी जी बी ई. सहावी तार दोन फ्रेट खाली. सरगम: सा प सा म ध रे. तपासणीचा आकडा: ७-५-५-४-५.
2. डबल ड्रॉप डी: डी ए डी जी बी डी. पहिलीही दोन फ्रेट खाली. सा प सा म ध सा. आकडा: ७-५-५-४-३.
3. डॅडगॅड: डी ए डी जी ए डी. दुसरी दोन फ्रेट खाली. सा प सा म प सा. आकडा: ७-५-५-२-५.
4. ओपन डी: डी ए डी एफ शार्प ए डी. तिसरी फक्त एक फ्रेट खाली. सा प सा ग प सा. आकडा: ७-५-४-३-५.

ओपन जीचा फाटा दुसऱ्या पायरीवरून फुटतो. डबल ड्रॉप डीमध्ये असताना पाचवी तार दोन फ्रेट खाली, एवरून जीवर आणा. मिळालं डी जी डी जी बी डी. इथे सा बदलतो: जीला सा धरा, मग सरगम होते प सा प सा ग प. आकडा: ५-७-५-४-३.

हा आकडा म्हणजे ट्यूनरशिवायचा नकाशा. ड्रॉप डीचा ७-५-५-४-५ असा वाचायचा: सहावी तार सातव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचवीचा सूर, पाचवी पाचव्यावर दाबली की मोकळी चौथी, आणि असंच पुढे. नेहमीच्या ट्यूनिंगचा आकडा ५-५-५-४-५ हे बहुतेकांना माहीत असतं, इथे फक्त एक ते तीन अंक बदलतात. प्रत्येक ट्यूनिंगचा आकडा कागदावर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवा.

> इशारा: सहाव्या तारेपासून वाचायचं की पहिल्यापासून, यात गोंधळ झाला तर तार नको तिकडे ताणली जाते. डॅडगॅड उलटसुलट वाचलं तर घोळ लक्षातही येत नाही आणि तार मात्र तुटते. लिहिताना कागदावर 'जाड' आणि 'बारीक' अशी टोकं लिहा.

## टप्पा ४: तार प्रत्यक्ष कशी उतरवायची

उदाहरणाला सहावी तार घेऊ: ईवरून, म्हणजे ८२.४ हर्ट्झवरून, डीवर, ७३.४ हर्ट्झवर.

1. नांगर ठरवा. ड्रॉप डीपासून ओपन डीपर्यंत पाचवी आणि चौथी या दोन तारा जागच्या जागी राहतात. सुरुवातीला त्या अगदी नेमक्या लावून घ्या. ओपन जीच्या वाटेवर नांगर म्हणजे चौथी, तिसरी आणि दुसरी.

2. तार वाजती ठेवून खुंटी फिरवा. आधी फिरवून मग वाजवू नका. सूर खाली जातोय हे कानाला ऐकू आलं पाहिजे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतात तेव्हा दोन बाजूंच्या खुंट्या फिरवण्याची दिशा हाताला उलटी वाटते. पहिली तार डीवर उतरवायची असताना उलट दिशेनं एफच्या वर नेऊन तोडणारे बरेच असतात.

3. मुद्दाम पुढे जा. डीपाशी थांबू नका. डीच्याही थोडं खाली, साधारण सी शार्पजवळ जा.

4. तार ओढा. बाराव्या फ्रेटजवळ धरून फ्रेटबोर्डपासून दोनदा हलकेच वर ओढा. नटच्या आणि खुंटीच्या मध्ये अडकलेला ताण यानं मोकळा होतो.

5. खालून वर येत डी गाठा. ही पायरी टाळली जाते आणि सगळा घोळ इथेच होतो. खुंटीच्या दात्यांमध्ये किंचित मोकळी जागा असते. वरून खाली येऊन थांबलात तर ती जागा तारेच्या बाजूला राहते आणि वाजवताना तार आणखी उतरते. खालून वर आलात तर दाते घट्ट टेकलेले असतात. तंबोरा लावणारा खुंटीनं जवळ आणतो आणि मण्यांनी नेमकं करतो. गिटारला मणी नाहीत, त्यामुळे शेवटचा चिमूटभर फेरा खुंटीवरच आणि चढतानाच द्यायचा.

6. डीच्या वर गेलात तर पुन्हा खाली जा आणि खालून या. 'एवढंसं तर उतरवायचंय' म्हणून जागच्या जागी उतरवू नका.

सैल जाड तार जोरात छेडली की ट्यूनरची सुई आधी वर उडते आणि मग बसते. वाजवताना जेवढ्या जोरानं छेडणार तेवढ्याच जोरानं छेडा आणि सुई स्थिरावली की वाचा. क्लिपच्या काही ट्यूनरना एवढा खालचा डी पकडताच येत नाही, आकडा नाचत राहतो. अशा वेळी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवा.

> तपासणी: ट्यूनर बाजूला ठेवा. सहाव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि मोकळी चौथी एकत्र वाजवा. सूर जवळ पण वेगळे असतील तर आवाजात लाटा येतील. लाटा मंदावत मंदावत थांबल्या की सहावी लागली.

पहिल्या तारेसाठी हीच परीक्षा चौथी तार बाराव्या फ्रेटवर दाबून. डॅडगॅडच्या दुसऱ्या तारेसाठी पाचवी तार बाराव्यावर दाबून.

## टप्पा ५: तीन फेऱ्या

तारा उतरवल्या की मानेवरचा एकूण ओढा कमी होतो, मान किंचित मागे जाते, फळी किंचित सपाट होते, आणि ज्या तारांना हातही लावला नाही त्या थोड्या चढतात. चढवताना याच्या उलट, बाकीच्या उतरतात. म्हणून एका फेरीत गिटार लागली असं होतच नाही.

पहिली फेरी ढोबळ: बदलायच्या तारा सुराच्या जवळ आणा, नेमकेपणाच्या मागे लागू नका. दुसऱ्या फेरीत आधी नांगराच्या तारा ट्यूनरवर पुन्हा नेमक्या करा, मग त्यांच्याशी बाकीच्या जुळवा. पाच मिनिटं काहीतरी वाजवा. साधे कॉर्ड चालतील, पण सगळ्या तारांवर. मग तिसरी फेरी. इतकं केल्यावर साधारण तासभर फार काही हलत नाही.

### गांधाराचा प्रश्न

ओपन डी आणि ओपन जीमध्ये मोकळ्या तारांत गंधार येतो. ओपन डीत तिसरी तार, ओपन जीत दुसरी. ट्यूनरवर हिरवा दिवा लागला तरी तो ग कानाला चढा वाटतो. कान खोटं बोलत नसतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा ट्यूनरचा गंधार सुमारे १४ सेंटनी वर असतो. लगतच्या दोन फ्रेटमधलं अंतर म्हणजे १०० सेंट, त्या मानानं हा फरक लहान नाही. पंचमात हाच फरक फक्त २ सेंटचा आहे, म्हणून डॅडगॅड इतकं शांत वाजतं.

मग काय करायचं? फक्त मोकळ्या तारा आणि स्लाइड (तारांवरून घसरवायची नळी) वाजवणार असाल तर ग पूर्ण १४ सेंट उतरवा. बोटांनी कॉर्ड धरणार असाल तर ५ ते ८ सेंटवर थांबा. पूर्ण उतरवलेली तार दुसऱ्या कॉर्डमध्ये सा किंवा प म्हणून दाबली की ती तिथे उतरलेली वाजते. गिटारसोबत कीबोर्ड किंवा हार्मोनियम असेल तर ट्यूनरचं ऐकलेलं बरं.

## टप्पा ६: तार फ्रेटला घासायला लागली तर

सैल तार जास्त रुंद हलते, म्हणून पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर येऊ शकते. लगेच पाना हातात घेऊ नका. नव्या ताणाला मान स्थिरावायला एक दिवस द्या, आणि त्या दिवसात छेडण्याचा जोर कमी करून बघा. डॅडगॅडसाठी बहुतेक गिटारींना काहीच करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशीही खरखर असेल तर मानेचा बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरा आणि सातव्या फ्रेटच्या डोक्यावर तार आणि फ्रेट यांच्यात किती जागा आहे ते बघा. झेरॉक्सचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याचे दोन तुकडे सहज जाऊ देत, उतरलेल्या ट्यूनिंगला तीनही चालतील. एकही जात नसेल तर मान जास्त सरळ झाली आहे. ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईची) अॅलन की घड्याळाच्या उलट दिशेनं एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावा आणि पुन्हा मोजा.

> इशारा: रॉड फिरताना अडकला, करकरला किंवा अजिबात हलला नाही तर जोर लावू नका. तिथून पुढे गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे. पावसाळ्यात केलेली जुळणी उन्हाळ्यात तशीच राहील असंही धरू नका. दमट हवेत फळी फुगते आणि तारांची उंची बदलते.

सैल तारेची दुसरी तक्रार वेगळी असते. बोट जरा जोरात दाबलं की सूर चढतो. टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेले आकडे आता कामाला येतात. बाराव्या फ्रेटवरचा फरक आधीपेक्षा ८-१० सेंटनी वाढला असेल आणि बोट हलकं ठेवूनही कमी होत नसेल, तर ती एक तार एका मापानं जाड घ्या. सगळा संच बदलायची गरज नाही.

## टप्पा ७: वाजवायला घेताना

जुन्या सवयीनं बोटं जुन्या जागी जातात, हे इथलं मुख्य संकट.

ड्रॉप डी. सहावी, पाचवी, चौथी या तीन तारा एकाच बोटानं एकाच फ्रेटवर धरल्या की पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि प चा) होतो: मोकळ्या डी, तिसरा फ्रेट एफ, पाचवा जी, सातवा ए. जुन्या जी कॉर्डमध्ये सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट असतो, तिथे आता एफ वाजेल. जी पाचव्या फ्रेटवर गेला आहे. ई मायनरमध्येही सहावी मोकळी सोडू नका, दुसऱ्या फ्रेटवर धरा: २-२-२-०-०-०.

डॅडगॅड. इथे मोकळ्या तारांत ग च नाही, त्यामुळे कॉर्ड धड मेजर नाही, धड मायनरही नाही. पहिल्या दिवशी तीनच कॉर्ड घ्या, जाड तारेपासून: डी ०-०-०-२-०-०, जीचा ५-५-०-०-०-०, एचा x-०-२-२-०-०, इथे x म्हणजे ती तार वाजवायची नाही. मेजर डी हवा असेल तर चौथी तार चौथ्या फ्रेटवर: ०-०-४-२-०-०.

मग कॉर्ड सोडा आणि पहिल्या तारेवर सरगम वाजवा: सा मोकळी, रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नि ११, वरचा सा १२. कोमल ग ३ वर, कोमल नि १० वर. सहावी, पाचवी, चौथी अंगठ्यानं सा-प-सा अशी सोडत राहा. दुर्गा या ट्यूनिंगला बेतून शिवल्यासारखा बसतो: ०-२-५-७-९-१२. त्यात शुद्ध म आहे आणि तिसरी तार मोकळी वाजली तरी म च वाजतो. भूपात म नाही, तिथे तीच मोकळी तिसरी तार लगेच खटकते. यमनाच्या तीव्र म ला तर ती उघडच छेद देते. भूप किंवा यमन वाजवायचा असेल तर शिडीवरून एक पायरी उतरून ओपन डीत जा, तिथे तिसरी तार ग ची आहे.

ओपन डी आणि ओपन जी. एक बोट आडवं टाकलं की मेजर कॉर्ड. ओपन डीत मोकळ्या तारा डी, पाचवा फ्रेट जी, सातवा ए. ओपन जीत मोकळ्या जी, पाचवा सी, सातवा डी. एका बोटानं मायनर मात्र मिळत नाही, आणि मायनर कॉर्डनी भरलेलं गाणं इथे बसवायचा हट्ट वेळ खातो.

ओपन जीत सहावी तार पंचमाची आहे. ती प्रत्येक कॉर्डखाली वाजवली की कॉर्ड पालथा वाटतो. अंगठा पाचव्या तारेपासून सुरू करा. कीथ रिचर्ड्स ओपन जीसाठी सहावी तार काढूनच टाकतात. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही, अंगठ्याच्या कडेनं ती दाबून ठेवली तरी पुरे.

एक ट्यूनिंग किमान आठवडाभर ठेवा. रोज तीन-तीन ट्यूनिंग बदलली तर बोटांना जागा कळत नाहीत आणि पहिली तार ब्रिजपाशी वाकून वाकून तुटते.

## टप्पा ८: गाणाऱ्याच्या पट्टीशी जुळवणं

साथ करायला बसलात की प्रश्न येतो, 'काळी चारमध्ये होईल का?' हा तक्ता पाठ असला की खुंट्यांना हात लावावा लागत नाही.

डॅडगॅड आणि ओपन डीचा सा म्हणजे पांढरी दोन. कॅपो पहिल्या फ्रेटवर काळी दोन, दुसऱ्यावर पांढरी तीन, तिसऱ्यावर पांढरी चार, चौथ्यावर काळी तीन, पाचव्यावर पांढरी पाच.

ओपन जीचा सा म्हणजे पांढरी पाच. कॅपो पहिल्या फ्रेटवर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच.

अडचण काळी एकची. डॅडगॅडच्या एक फ्रेट खाली जावं लागतं, म्हणजे सहाही तारा उतरवून भार साठ किलोच्या आसपास. खरखर जवळजवळ ठरलेली. त्याऐवजी ओपन जी आणि सहाव्या फ्रेटवर कॅपो: आवाज थोडा बारीक, पण सूर पक्का.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागे आणि सरळ लावा. सैल तारांवर घट्ट कॅपो बसला की जाड तारा चढतात, म्हणून कॅपो लावल्यानंतर सूर पुन्हा बघा. कॅपो काढल्यावरही बघा.

## परतीचा रस्ता

शिडी उलट चढायची, शेवटी उतरवलेली तार आधी. ओपन डीतून येताना तिसरी, मग दुसरी, मग पहिली, शेवटी सहावी. पाचवी आणि चौथी शेवटच्या फेरीपर्यंत तशाच.

चढवताना तार वाजती ठेवा आणि ट्यूनरवरचं नुसतं अक्षर बघू नका. आकडा ५-५-५-४-५ पडताळा. तारा चढवल्या की बाकीच्या उतरतात, म्हणून इथेही तीन फेऱ्या. पहिली तार डीवरून ईवर नेताना चेहरा बाजूला ठेवा. ती तुटलीच तर इथेच तुटते.

नायलॉनच्या तारा असतील तर शिडी तीच, पण त्या स्थिरावायला जास्त वेळ घेतात. तीनऐवजी पाच फेऱ्या धरा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक.

इलेक्ट्रिक गिटारला तरंगता ब्रिज असेल तर एक तार उतरवली की ब्रिज स्प्रिंगांच्या ओढीनं मागे जातो आणि पाचही तारा चांगल्याच चढतात. तीन काय, दहा फेऱ्यांनीही पुरं होत नाही. मागच्या पोकळीत लाकडाचा नेमक्या मापाचा तुकडा बसवून ब्रिज अडवा, मग तार उतरवा. हा तुकडा नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ब्रिज समपातळीत असताना मापून घ्यायचा, तार उतरवल्यानंतर नाही.